मंडळ्यांचा समाचार : प्रेषितांचा परिपाठ

परदेशातील मंडळ्यांस भेट देण्याचे प्रसंग आपल्याकडील पाळकांस व धर्मशिक्षकांसही येतात. तेथे जाणारा कधी पाहुणा होतो, कधी तपासनीस, तर कधी दाता. बंधू होणे तेवढे राहून जाते. म्हणून या बाबतीत प्रेषितांचा परिपाठ काय होता, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पौल व बर्णबा यांचा पहिला प्रवास (सुमारे इ. स. ४६-४८) दर्बे येथवर आला. तेथून पूर्वेकडे, टॉरस पर्वतातील खिंडीने, पौलाच्या जन्मगावी तार्सास व पुढे सूरियातील अंत्युखियास जाणारा मार्ग होता. तो सोडून ते दोघे आल्या वाटेने मागे फिरले. ज्या लुस्त्रात पौलाला दगडमार करून, मेला असे समजून नगराबाहेर ओढून टाकले होते, तेथेच ते पुन्हा गेले (प्रे. कृ. १४:१९-२१). नवे विश्वासणारे तेथे राहिले होते, हेच त्याचे कारण. प्रेषितांनी त्यांची मने स्थिर केली, पुढील संकटांची स्पष्ट कल्पना दिली, आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमून, उपास व प्रार्थना करून, त्यांना प्रभूच्या हाती सोपविले. भेटीमुळे मंडळी भेट देणाऱ्याच्या आधीन झाली नाही. ती आपल्या पायांवर उभी राहिली. परतल्यावर त्यांनी अंत्युखियाच्या मंडळीस एकत्र करून वृत्तान्त सांगितला, तोही स्वतःच्या नव्हे, तर देवाच्या कृतींचा (१४:२७).

पुढे पौलाने बंधूंची पुन्हा भेट घेण्याचे सुचविले (१५:३६), तेथे मूळ ग्रीक क्रियापद 'एपिस्केप्तोमाई' आहे. आजाऱ्याचा समाचार (मत्तय २५:३६), अनाथ व विधवांचा समाचार (याकोब १:२७) आणि देवाने घेतलेली आपल्या लोकांची भेट (लूक १:६८), या तिन्ही ठिकाणी तेच क्रियापद येते. 'एपिस्कोपोस', म्हणजे अध्यक्ष, हा शब्दही त्याच धातूचा. मराठीत आपण आजाऱ्याचा समाचार घेतो आणि चुकलेल्याचाही. प्रेषितांच्या भेटीत पहिला अर्थ प्रधान आहे, याचा आपणास विसर पडू नये.

रोमची मंडळी पौलाने पाहिलीही नव्हती. तिला लिहिताना, तुम्हांस आत्मिक कृपादान द्यावे म्हणून मी येऊ इच्छितो, असे तो म्हणतो, पण लगेच आपले बोलणे सुधारून, एकमेकांच्या विश्वासाने उभयतांस धीर मिळावा, असे लिहितो (रोम. १:११-१२). एवढा मोठा प्रेषित, परंतु रिकामी ओंजळ घेऊनही जाण्यास तो तयार आहे.

हीच उणीव १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया यांनी बोलून दाखविली. परदेशी मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मान्य केला, पण त्याबरोबर मैत्रीही मागितली. १९१२ साली तेच हैदराबाद संस्थानातील डोर्णकलचे बिशप झाले. त्यांचे ते मागणे आज आपणासही लागू आहे. कारण आपणही आता जाणारे झालो आहोत.

तेव्हा परदेशी मंडळीत जाताना आपण उपदेशाची टिपणे अवश्य न्यावीत; परंतु तेथील उपासनेत निदान एकदा मागच्या बाकावर बसून केवळ ऐकावे. परतल्यावर आपल्या मंडळीस इमारतींचे वर्णन थोडे सांगावे आणि तेथील कोणाच्या विश्वासाने आपणास धीर आला, ते सविस्तर सांगावे. असे सांगण्यासारखे काही नसेल, तर आपला प्रवास झाला, भेट मात्र राहिली, असे समजून पुन्हा जाण्याची तयारी करावी.