पिंपरीची बुरशी आणि कॅथलॅबचे बिल

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीला उतरून कुणाला ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ विचारले, तर माणूस क्षणभर घुटमळतो. ‘एचए कंपनी’ म्हटले की लगेच हात करून रस्ता दाखवतो. एचए कॉलनी, एचए शाळा, एचए ग्राउंड अशा खुणा तिथे अजून आहेत. १९५४ मध्ये केंद्र सरकारने काढलेला हा औषधांचा पहिला कारखाना. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली आणि पुढच्याच वर्षी इथल्या टाक्यांत वाढवलेल्या बुरशीपासून पेनिसिलिन निघू लागले. पुढे इथल्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या जिवाणूपासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शेजारी आलेल्या मोटार कारखान्यांचा गाजावाजा कितीतरी मोठा, पण गावाचे नाव जीवशास्त्राच्या पुस्तकात नेले ते या बुरशीवाल्यांनी.

सरकारने उद्योगात हात घालावा का, या वादाचा फड आपल्याकडे वर्षातून एकदा अर्थसंकल्पाच्या वेळी रंगतो आणि दोन्ही बाजू आपापली जुनीच वाक्ये म्हणून घरी जातात. औषधांच्या बाबतीत तो वाद तसा निकालात निघालेला आहे. सरकारने हात घातला, आणि एकदा नव्हे, अनेकदा. कुठे घातला आणि पुढे काय झाले, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

१९११ च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळत असे, आणि पेटंटे बहुतेक परदेशी कंपन्यांची. अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींवर सुनावण्या घेतल्या, तेव्हा जगातल्या सर्वांत महाग देशांत भारताचे नाव निघाले. हा एवढा गरीब देश! त्याच वर्षी न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा पेटंटविषयक अहवाल सरकारला सादर झाला. त्यातून १९७० चा कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यानुसार २००५ पर्यंत औषधाला पेटंट नव्हते. ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवला, तर कुणी अडवत नसे.

या दुरुस्तीसाठी सरकारला ना कारखाना उभारावा लागला, ना अनुदान द्यावे लागले. पण २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. हे त्या कायद्याचेच फळ. खासगी उद्योगाचे कर्तृत्व म्हणून ते सांगितले जाते आणि ते खरेही आहे, फक्त निम्मे. दुसऱ्या वाटेने रेणू बनवायचा तर वाट काढणारे रसायनतज्ज्ञ लागतात. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आधी हैदराबादला आयडीपीएलमध्ये होते, म्हणजे १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने निघालेल्या सरकारी कंपनीत. कायद्याने दार उघडले, पण आत जायला माणसे तयार होती ती सरकारी कारखान्यांमुळेही. माझ्या मते या साठ-सत्तर वर्षांतला सर्वांत यशस्वी हस्तक्षेप हा जोडीने झालेलाच.

भाव बांधण्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही.

१९७० मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेश आला. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने ब्रँडची नावे हळूहळू काढून टाकण्यापर्यंत शिफारशी केल्या. १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधे नियंत्रणाखाली आणली. माल तयार झाल्यानंतरचे खर्च आणि नफा यांपोटी उत्पादनखर्चावर किती भर घालायची, ते वर्गवार ठरवले : पहिल्या वर्गाला ४० टक्के, दुसऱ्याला ५५, तिसऱ्याला १००. पहिल्या वर्गात कोणती औषधे? जीव वाचवणारी. हेतू उघड होता, ती स्वस्त मिळावीत. पण कारखानदाराने वाचले ते उलट्या बाजूने : जितके औषध गरजेचे, तितका नफा कमी. मग त्याने आपली यंत्रे टॉनिककडे आणि नियंत्रणाबाहेरच्या मिश्रणांकडे वळवली तर नवल काय? पुढे यादीच आक्रसत गेली. १९८७ मध्ये १४२ औषधे उरली आणि १९९५ मध्ये सत्तरच्या घरात.

२०१३ च्या आदेशाने उत्पादनखर्चाचा हिशेबच सोडून दिला. बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढा, दुकानदाराचे १६ टक्के मिळवा, ही कमाल किंमत. म्हणजे बाजार मुळात महाग असेल तर मर्यादाही महाग. आणि ही मर्यादा लागू झाली ती आवश्यक औषधांच्या यादीतल्या नेमक्या मात्रांनाच. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी यादीत आली आणि ६५० ची बाहेर राहिली. पुढच्या, २०१५ च्या आवश्यक औषधांच्या यादीत ती घ्यावी लागली. ताप तोच, रेणू तोच.

या सगळ्याचा कस लागला तो स्टेंटवर. कॅथलॅबमध्ये रुग्ण टेबलावर आहे, मनगटातून तार हृदयापर्यंत गेली आहे, आणि डॉक्टर बाहेर येऊन मुलाला विचारतात, ‘ब्लॉकेज नव्वद टक्के आहे. कुठला टाकायचा, इंडियन की इम्पोर्टेड?’ मुलगा कॉमर्स शिकलेला. त्याने काय सांगायचे? तो ‘चांगला टाका’ म्हणतो आणि भाव तिथेच ठरतो. आरोग्यसेवेत विकणाऱ्याला सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच नाही, म्हणून इथला बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते.

जुलै २०१६ मध्ये स्टेंट आवश्यक यादीत आला. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कंपन्यांकडून आकडे मागवले, तेव्हा साखळीतला सर्वांत मोठा मलिदा रुग्णालयांकडे जातो असे दिसले. फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या धातूच्या स्टेंटची मर्यादा ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटची २९,६०० ठरली. त्याआधी छापील किमतींची सरासरी अनुक्रमे ४५ हजार आणि सव्वा लाखाच्या आसपास होती. कंपन्यांनी महागडी मॉडेले काढून घ्यायची परवानगी मागितली. सरकारने सहा महिने पुरवठा चालू ठेवायला लावले. स्टेंट स्वस्त झाला, हे निर्विवाद. पण बिलात स्टेंटची ओळ उतरली आणि प्रोसिजर चार्जेसची चढली, अशा तक्रारी लगोलग आल्या.

चढणारच. वस्तूची किंमत केंद्राने बांधली, पण सेवेची कुणीच नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. २०२१ च्या नव्या नियमांत दरपत्रक लावण्याची आणि रुग्णहक्कांच्या सनदेची सक्ती आली, पण दर किती असावेत यावर ते गप्प आहेत. मे २०२० मध्ये मात्र याच राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा स्वतःच्या दरात आणल्या होत्या : वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले. पीपीई किट आणि महागडी औषधे वगळली होती, आणि तंटे नेमके तिथेच झाले. तरीही दर बांधता येतात आणि तपासताही येतात, एवढे तरी सिद्ध झाले. ‘हे शक्यच नाही’ असे त्यानंतर कुणी म्हणू नये.

आणि पिंपरी? चीनच्या स्वस्त पेनिसिलिन-जीसमोर देशातल्या उत्पादकांच्या टाक्या एकेक करून थंडावल्या. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएची जादा जमीन विकून देणी फेडायची आणि मग कंपनीही विकायची असा निर्णय घेतला. सरकारचे काम धंदा करणे नव्हे, हे तेव्हाचे सूत्र. २०२० मध्ये चीनकडून येणारा कच्चा माल अडेल या धास्तीने त्याच सरकारने औषधांचा मूळ माल देशात बनवणाऱ्यांसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. तिच्या यादीत पेनिसिलिन-जी होतेच. त्या योजनेतला कारखाना काकीनाड्याला २०२४ मध्ये सुरू झाला. तिकडे चिनी मालाचे भाव उतरले, आणि आयातीवर किमान किंमत बांधून द्या, असे उत्पादकच सरकारकडे मागू लागले.