घरी बनवलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम : पुढील टप्पे

तबला, ढोलकी यांसारख्या वाद्यांत नाद कातड्याच्या कंपनातून निर्माण होतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमचे तसे नसते. त्याच्या पृष्ठभागावर आघाताचे केवळ मापन होते. नाद साठवून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणातून निघतो. हे मापन करणारा घटक अगदी साधा असतो. गजराच्या घड्याळात 'बीप' असा आवाज करणारी पातळ पितळी चकती हादरली की तिच्यात क्षणिक विद्युतदाब उत्पन्न होतो. तिला पीझो चकती म्हणतात. काही स्फटिकांचा हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला.

प्लायवूडचा तुकडा, त्याखाली चिकटवलेली चकती, वर रबराचा थर आणि एक मायक्रोकंट्रोलर एवढ्या साहित्यावर पहिला पॅड वाजू लागतो. जोरदार आघाताने निर्माण होणारा दाब मायक्रोकंट्रोलरला सोसेलच असे नाही. म्हणून चकतीला समांतर दहा लाख ओहमचा रोध आणि संरक्षणासाठी झेनर डायोड जोडतात. हा किरकोळ खर्च टाळणे शहाणपणाचे नव्हे.

पहिला पॅड वाजला की दुसरा, तिसरा जोडण्याची घाई होते. ती आवरलेली बरी. चकती आघातानंतर काही क्षण थरथरत राहते आणि एका थापेचे दोन आवाज उमटतात. म्हणून पहिल्या नोंदीनंतर सेकंदाचा काही अंश तिच्याकडे दुर्लक्ष करावे, अशी सूचना प्रोग्रॅममध्ये द्यावी लागते. हा अवधी फार वाढवला तर द्रुत लयीतील बोल गळतात. तेव्हा तो वाजवणाऱ्याचा हात पाहूनच ठरवावा. त्यानंतर दुसरा पॅड जोडावा, आणि एकाचा हादरा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोहोंखाली फोम घालावा.

येथवर यंत्राला आघात किती जोराचा होता एवढेच कळते. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या सांकेतिक पद्धतीत हा जोर १ ते १२७ यांपैकी एका आकड्याने लिहितात. काठीने वाजणाऱ्या ड्रमचे त्यावर बरेचसे भागते. तबल्याचे मात्र भागत नाही, आणि याचे कारण लखनौच्या वादनात स्पष्ट दिसते. दिल्लीचा बाज मुख्यत्वे बोटांचा आणि चाटेवरचा. दिल्लीहून लखनौला आलेल्या मोदू खाँ व बक्षू खाँ यांच्या परंपरेत, कथकच्या साथीला अनुसरून, पंजाचा खुला, घुमारेदार आघात रुजला. लव आणि शाई यांचा वापर वाढला. चाटेवरचा 'ना' आणि लवेवरचा 'तिं' सारख्याच जोराने वाजले, तरी नाद निराळे असतात. यंत्र मात्र दोहोंसाठी एकच आकडा लिहिते.

याच लखनौत १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आजचे भातखंडे संस्कृती विद्यापीठ ते हेच. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या भातखंड्यांनी असंख्य बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. लिपीमुळे बंदिशीचा सांगाडा टिकतो. हात कोठे आणि कसा पडावा, हे गुरूसमोर बसूनच शिकावे लागते. मिडीचा आकडा हीदेखील एक लिपीच, आणि तीही बरीच तोकडी.

म्हणून पॅडची संख्या वाढवण्याआधी एकाच पॅडखाली दोन चकत्या बसवाव्यात : एक मध्यभागी, दुसरी कडेला. दोन्हींच्या नोंदींची तुलना केली की आघाताच्या जागेचा अंदाज येतो. प्रत्येक जागेवर शंभरेक थापा मारून नोंदी वहीत लिहाव्यात. दोन जागांची सीमारेषा त्यांतूनच ठरते. बायाची घसीट याहून अवघड आहे. तेथे मनगटाचा दाब सावकाश बदलत जातो आणि पीझो चकतीला स्थिर दाब मोजता येत नाही. त्यासाठी दाबानुसार रोध बदलणारा वेगळा संवेदक लागतो. त्याची जागा या दोन चकत्यांचे काम नीट जमल्यानंतरची.