भिंतीवरून मच्छरदाणीवर

वरणगावसारख्या खान्देशातल्या तापीकाठच्या गावातला हिवतापाचा मागोवा मातीच्या भिंतीपासूनच घ्यायला हवा. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीवाले पंप घेऊन घरोघर फिरू लागले. रक्त प्यायलेली ॲनाफिलीसची मादी जड होऊन भिंतीवर विसावते. तिथेच विष असले, तर हिवतापाचा जंतू तिच्या अंगात पक्व होण्याआधी ती मरते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. 1965 च्या सुमारास रुग्ण लाखभरावर आले, आणि 1976 मध्ये पुन्हा 64 लाखांवर गेले.

डास डीडीटीला दाद देईनासे झाले, हे त्याचे एक कारण. पण धाब्याच्या घरात दिवाळीआधी भिंत लिंपली की विष मातीखाली जाते. देवघर आणि धान्याच्या खोलीत पंपवाल्याला कोण येऊ देणार? यासाठी बायांना अडाणी ठरवले गेले, ते मला अन्यायाचे वाटते. घर त्या राखत होत्या, आणि फवारणीचा दिवस ठरवताना त्यांना कुणी विचारत नव्हते.

पुढे विष कापडावर आले. आधी मच्छरदाण्या डेल्टामेथ्रिनच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवत. दर पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा करावे लागे. नंतर कारखान्यातच धाग्यात औषध मुरवलेल्या, वीसेक धुण्यांनंतरही टिकणाऱ्या जाळ्या आल्या. महाराष्ट्रात त्यांचे मोठे वाटप गडचिरोलीत झाले, आणि तिथल्या रुग्णसंख्येकडे पाहता ते योग्यच होते. खान्देशात अडचण उकाड्याची. मे महिन्यात लोक अंगणात बाज टाकतात, तेव्हा डास कमी असतात. खरा धोका पावसाळ्यात आणि त्यानंतर, जेव्हा माणसे घरात झोपतात, वीज जाते आणि जाळीत वारा शिरत नाही.

तापी समुद्राला मिळते त्या सुरत जिल्ह्यात, डेल्टामेथ्रिन ज्या गटातले, त्या पायरेथ्रॉइड औषधांनीही न मरणारे ॲनाफिलीस क्युलिसिफेसिस 2002 मध्ये नोंदले गेले. याच गटातली औषधे कपाशीवर वर्षानुवर्षे मारली गेली आहेत, आणि शेतातल्या फवारणीनेही डासांची प्रतिकारशक्ती वाढते. विष पचवणारी डासांची विकरे रोखणारे पीबीओ मिसळलेल्या जाळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये केली. त्या इथे लागतील का, याचा पहिला अंदाज देणारी चाचणी साधी आहे: डास तासभर औषधी कागदाच्या नळीत ठेवायचे आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. कपाशीच्या या पट्ट्यात ती दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.