एरंडेल पोटांत काय करतें?

एरंडेल हें नांव ऐकतांच अजूनही कित्येकांचें तोंड वांकडें होतें. मुलाचें पोट बिघडलें, किंवा कांहीं न होतांही महिना लोटला, कीं चमचाभर एरंडेल पाजावयाचें, अशी पूर्वीं पुष्कळ घरांत चाल होती. त्यानें कोठा साफ होतो हें सर्वांस ठाऊक होतें. पण कसा साफ होतो, हें फार थोड्यांनीं विचारलें. तेल बुळबुळीत असल्यामुळें मळ घसरून जातो, असें कोणी म्हणे. पण गोडें तेल व खोबरेल हींही बुळबुळीतच आहेत. चमचाभर घेतल्यास त्यांनीं जुलाब कां होत नाहींत?

या प्रश्नाचा उलगडा २०१२ सालीं झाला. एरंडेलाचा बहुतेक भाग, म्हणजे शेंकडा सुमारें ९०, रिसिनोलेइक नांवाच्या आम्लाचा असतो; पण तें आम्ल ग्लिसरिनशीं जखडलेलें असतें. लहान आंतड्यांतील पाचकरस तेलाचें विघटन करतात, तेव्हां तें मोकळें होतें. म्हणजे बाटलींतील तेलापासून खरें रेचक आपलें पचनच तयार करतें.

पुढील शोध जर्मनींतील बाड नाउहाइम येथील माक्स प्लांक संस्थेंत श्टेफान ओफरमान्स व त्यांचे सहकारी यांनीं लाविला. शरीरांतील पेशींवर प्रथिनांचीं जणूं सूक्ष्म कुलपें असतात व ठराविक द्रव्यांचीच किल्ली त्यांस लागते. ईपी-३ नांवाच्या कुलपास हें आम्ल लागतें, असें त्यांस आढळलें. मग ज्यांच्या शरीरांत तें कुलूपच नाहीं, अशा उंदरांस त्यांनीं एरंडेल पाजलें. त्यांस जुलाब झाले नाहींत. आंतड्याच्या केवळ अस्तरांतून कुलूप काढलें, तरी जुलाब झाले. स्नायूंतून काढलें, तेव्हां मात्र झाले नाहींत. यावरून एरंडेल आंतड्याच्या स्नायूंसच आकुंचन पावावयास लावतें, हें स्पष्ट झालें.

या ज्ञानाचा घरीं काय उपयोग, असें पालक विचारतील. पोटदुखीचें मूळ आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या सुजेंत असेल, तर जुलाब दिल्यानें आंतडें जोरानें आवळतें व सुजलेला भाग फुटण्याचें भय असतें. दुखणें बेंबीपाशीं सुरू होऊन उजव्या बाजूस खालीं सरकलें, सोबत ओकारी किंवा ताप असला, तर एरंडेलाची बाटली काढूं नये, डॉक्टरांकडे जावें. गर्भाशयाच्या स्नायूंतही हेंच कुलूप असल्यामुळें गरोदर स्त्रियांनीं तें आपल्या मनानें घेऊं नये.

प्रयोगशाळांतून एरंडेलाचा उलटाही उपयोग करतात. एखादी वनस्पति जुलाब थांबविते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं उपाशी उंदरांच्या एका गटास नुसतें पाणी व दुसऱ्यास त्या वनस्पतीचा अर्क देतात. मग सर्वांस एरंडेल पाजून किती वेळां शौच झालें तें मोजतात. पेरूच्या पानांची अशी परीक्षा झाली आहे व त्यांच्या अर्कानें जुलाब कमी झाले. पण तेवढ्यावरून मुलास काढा देऊन स्वस्थ बसणें योग्य नव्हे. जुलाबांत मूल दगावतें तें अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. म्हणून मीठ-साखरेचें पाणी योग्य प्रमाणांत पाजणें हें पहिलें काम होय.

विद्यार्थिमित्रहो, शेवटीं तुम्हांस एक सूचना. एरंडाच्या बियांत रिसिन नांवाचें जहाल विष असतें. तें तेलांत विरघळत नाहीं. पेंडींत मागें राहतें. म्हणूनच ती पेंड गुरांस न घालतां शेतांत खत म्हणून टाकतात. कुंपणावरच्या त्या चित्रविचित्र, चकचकीत बिया सुंदर दिसतात खऱ्या. पण त्या तोंडांत घालूं नका, आणि धाकट्या भावंडांसही घालूं देऊं नका.