मागची काच

मोटार घेताना माणूस काय काय पाहतो! रंग पाहतो, लिटरला किती पळते ते विचारतो, मुहूर्त पाहतो, चाकावर लिंबू ठेवतो. मागच्या काचेकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. पुढे तिच्यावर कुणी 'आईचा आशीर्वाद' लिहितो, कुणी मुलांची नावे लिहितो, कुणी कुलदैवताचे चित्र चिकटवतो. ही जागा पाटी लावण्यासाठीच दिलेली आहे, अशी सर्वांची समजूत असते. मग एक दिवस ती काच फुटते आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो, की ही होती तरी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यामुळे काच बदलताना आपण जी काटकसर करतो, ती एखाद्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर येते. म्हणून आज, रविवारच्या चहाबरोबर, हा काचेचा विषय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरची गंमत अशी, की तालुक्याचे नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर गाव ओळखले जाते ते जगदंबेच्या देवळासाठी. जवळून हमरस्ता जातो. पूर्वी आम्ही त्याला 'सात नंबर' म्हणत असू; २०१० साली देशभरातल्या रस्त्यांचे क्रमांक बदलले, तेव्हापासून तो ४४ झाला. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता. उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर नागपूर, दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. रात्रंदिवस ट्रक धावतात, अर्ध्या हिंदुस्थानचा माल डोळ्यांसमोरून जातो. पण आपल्या गाडीला नेमकी हवी असलेली वस्तू मात्र त्या रस्त्याच्या कुठल्यातरी दुसऱ्या टोकाला असते.

माझ्या भाच्याला याचा अनुभव आला. सहकुटुंब देवीला गेलो होतो. रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत होता. जेवणे झाली, आवराआवर झाली, भांडी डिकीत भरली. सगळ्यांत वर मोठा गंज. भाच्याने डिकीचे दार नेहमीच्या जोराने खाली आपटले. गंजाचा काठ काचेला आतून टेकला असावा. फटाक्यासारखा आवाज झाला आणि एवढी मोठी काच क्षणात नाहीशी झाली. तडा नाही, भोक नाही. थेट साबुदाण्यासारखा ढीग! निम्मी काच गंजात, निम्मी जमिनीवर.

माझी थोरली बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "देवीच्या दारात काच फुटली. हे काही बरं नाही बाप्पा!"

तिचेही बरोबरच. आपल्याकडे काचेचे फुटणे कोणी सहज घेत नाही. आपल्या भाषेत बांगडी 'फुटत' नाही, ती 'वाढते'. फुटणे हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. ज्या वस्तूच्या मोडण्याला भाषेने वेगळे क्रियापद दिले, ती घरात किती जपली जात असेल! पण गाडीच्या मागच्या काचेला हा न्याय लावता येत नाही. ती अशीच फुटावी म्हणून केलेली असते.

कशी, ते पाहण्यासारखे आहे. काच आधी हव्या त्या आकारात कापतात, भोके पाडायची तर पाडतात, कडा घासतात. मग ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, गोलाई द्यायची ती देतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. वरचा पापुद्रा आधी निवतो आणि घट्ट होतो. आतला भाग नंतर निवतो, आक्रसू पाहतो आणि वरच्या पापुद्र्याला आत खेचत राहतो. बाहेर दाब, आत ताण, असा कायमचा तोल तिच्यात बसतो. जिनिंग-प्रेसिंगमधली कापसाची गाठ आठवा. कापूस दाबून पट्ट्या आवळलेल्या असतात. गाठ स्वस्थ पडलेली दिसते, पण पट्टी तुटली की आतले बळ उसळून बाहेर येते. काचेतला ताण गाठीच्या उलट बाजूने असतो, पण साठवलेल्या बळाची गोष्ट तीच.

या दाबामुळे ही काच साध्या काचेच्या साधारण चौपट बळकट होते. मात्र एखादा टोकदार घाव वरचा पापुद्रा भेदून आत पोचला, किंवा कडेला टवका उडाला, की साठलेले सगळे बळ एकदम सुटते आणि काचेचे बारीक बोथट दाणे होतात. कड हे तिचे मर्म. 'गाडी उन्हात उभी होती आणि काच आपोआप फुटली' अशा ज्या हकिगती उन्हाळ्यात ऐकू येतात, त्यांत पुष्कळदा कडेचा जुना टवकाच असतो; ऊन निमित्त होते.

ही करामत माणसाला ठाऊक होऊन साडेतीनशे वर्षे होऊन गेली. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला तर त्याला शेपटी असलेल्या टिपूसासारखा आकार येतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारा, काही होत नाही; शेपटीचे टोक मोडा, सगळा थेंब भुकटी होऊन उडतो. प्रिन्स रूपर्टने हे थेंब इंग्लंडला नेले आणि १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचे प्रयोग झाले. तेव्हा तो दरबारी चमत्कार होता. आता तेच तत्त्व आपल्या पाठीमागे बसवलेले असते.

समोरची काच निराळी. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस याच्या हातून प्रयोगशाळेतली एक चंबू पडली. ती तडकली, पण विखुरली नाही, कारण आत सुकलेल्या द्रावणाचा चिवट पापुद्रा तिला धरून राहिला होता. त्यातून दोन काचांमध्ये पापुद्रा घालण्याची युक्ती निघाली. आजची समोरची काच अशीच थरांची असते. दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागेवर राहते, आणि चालकाला गाडी कडेला घेण्यापुरते दिसत राहते. समोरच्या काचेने धरून ठेवायचे, मागच्या काचेने सोडून द्यायचे, अशी ही कामाची वाटणी आहे.

सोडून देणे म्हणजे काय, ते आपण पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसे गेली. दाराची बाजू खाली गेल्यामुळे दार बंद झाले होते. जे थोडे वाचले, त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर पडले. काच फुटणे हा अपशकुन, असे त्यांच्यासमोर कोण म्हणेल?

आता पुन्हा भाच्याच्या गाडीकडे. पांढरकवड्याच्या कारागिराने दाराची चौकट पाहिली आणि सांगितले, "काका, ही काच इथं नाही भेटत. नागपूरहून बोलवा लागते. उद्या संध्याकाळी लावून देतो." आम्ही तिथेच बाकावर बसलो. शेजारी एक काळी-पिवळी जीप उभी होती, खेड्यापाड्यांतून माणसे वाहणारी. तिच्याही मागच्या बाजूची सपाट काच गेली होती. टेबलावर घराच्या खिडकीला लावतात तशी काच पसरून दुसरा एक कारागीर हिऱ्याने तिच्यावर रेघ ओढत होता. रेघ ओढली, टक करून मोडली, रबरात बसवली. अर्ध्या तासात जीप तयार! मी जीपवाल्याला सहज विचारले, "ही टफन नाही ना?" तो म्हणाला, "काच म्हणजे काच, काका. हवा-पाणी अडलं की झालं."

त्याचे चुकते असे म्हणवत नव्हते. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्याचा हप्ता अडतो. बँकेत उभी हयात गेल्यामुळे हप्ता अडणे म्हणजे काय, हे मला त्याने सांगण्याची गरज नव्हती. पण त्या जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाकडी असतात. त्यांवर दाटीवाटीने बसलेल्या बायाबापड्यांच्या, शाळकरी पोरांच्या माना त्या काचेपासून वीतभर अंतरावर असतात. साधी काच फुटली तर तिचे दाणे होत नाहीत, सुऱ्या होतात. हवा-पाणी दोन्ही काचा सारखेच अडवतात. फरक फक्त फुटण्याच्या क्षणी दिसतो, आणि तेव्हा बदलायला वेळ नसतो.

म्हणून वाचकांनी एक साधी खूण मनात धरावी. टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही. कापायला गेलात तर तिचा तिथेच चुरा होतो. तेव्हा जी काच दुकानदार तुमच्या डोळ्यांदेखत मापाने कापून देतो, ती गाडीत बसवण्याची काच नव्हे. दुसरी खूण कोपऱ्यात असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०० वा नियम गाडीला सुरक्षित काच सक्तीची करतो, आणि तिच्यासाठी भारतीय मानक आहे आयएस २५५३, भाग २. खऱ्या काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा छाप असतो. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असेही तोच नियम सांगतो.

नवी काच येईपर्यंत काय करावे? दाणे हाताने गोळा करू नयेत. बोथट असले तरी त्यांत एखादा धारेचा निघतोच. हवेच्या नळीने ते उडवूही नयेत. ते सीटच्या शिवणीत आणि पट्ट्याच्या खाचेत जाऊन बसतात आणि महिन्याने लेकराच्या तळहाताला लागतात. ओढून घेणाऱ्या यंत्राने काढावेत, जादा चाकाच्या खड्ड्यातलेही. उघड्या जागेवर जाड प्लास्टिक घट्ट चिकटवावे. मागची बाजू सताड उघडी ठेवून लांबचा प्रवास करू नये. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि नळीतून निघालेला धूर त्या वाटेने आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हा त्यातला मोठा धोका.

जुन्या गाड्यांत काच रबरात बसवतात. रबराच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे, बाहेरून एकाने काच दाबून धरायची आणि आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. पाहत राहावे असे काम आहे. नव्या गाड्यांत बहुधा काच चिकटवतात. तो लेप सुकायला वेळ लागतो. कारागीर सांगेल तितका वेळ गाडी हलवू नये, आणि पहिला दिवस एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी, नाहीतर दार आपटल्यावर आतली कोंडलेली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. काचेवर तांबूस रेघा असतील तर त्या शोभेच्या नव्हेत; पावसाळ्यात दव घालवणाऱ्या तारा आहेत त्या. त्यांची जोडणी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर विम्याचे गणित मांडू. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल तर काचेचा छदामही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत. रबर-प्लास्टिकवर निम्मा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले. समजा, खर्च सहा हजार आला, पाच मिळतील. पण दावा केला की 'नो क्लेम बोनस' शून्यावर येतो आणि पुढे दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा पुन्हा चढतो. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता आठ हजार आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे असे धरा. हप्ता तोच राहिला तर पाच वर्षांत अनुक्रमे ४०००, २४००, २०००, १२०० आणि ४००, म्हणजे एकूण दहा हजार जादा भरावे लागतील. पाच मिळवायला दहा! बोनस राखणारे जादा कलम घेतले असेल तर गोष्ट वेगळी. गाडी नवी असून बोनस अजून साठलेलाच नसेल, तर मात्र दावा खुशाल करावा. भाच्याने हा हिशेब पाहिला आणि खिशातून पैसे दिले.

ही काटकसर योग्य. ती कागदावरची आहे, तिने कोणाच्या मानेला धोका नाही. काचेच्या जातीत केलेली काटकसर वेगळी, कारण तिचा हिशेब चुकवणारा माणूस बहुतेक वेळा गाडीचा मालक नसतो. तो मागच्या बाकड्यावर, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याने काच निवडलेली नसते, तिचे पैसेही वाचवलेले नसतात.

तेव्हा पुढच्या वेळी काळी-पिवळीत मागे बसाल, तेव्हा वाहकाशी भाड्यावरून घासाघीस करण्याआधी जरा मान वळवून काचेचा कोपरा पाहा. छाप दिसला तर ठीक. नाही दिसला तर चालकाला एवढेच विचारा, "भाऊ, ही काच कापून लावली का?" दहा प्रवाशांनी दहा वेळा विचारले, तर अकराव्या वेळी तो नागपूरच्या काचेसाठी एक दिवस थांबेल.