जुन्या नोंदी किती वर्षें राखाव्यात?

दिवाळींत वहीपूजन करणारी पेढी मागील सालच्या वह्या कोठें ठेविते, हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. औषधें करणाऱ्या कारखान्यांस मात्र तें विचारलें पाहिजे. त्याचें कारण आमच्या परळांतच घडलेलें आहे.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ माणसांस ती लस टोंचली. पैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले; त्या साऱ्यांस ५३-एन या एकाच बाटलींतील लस दिलेली होती. दोष परळचा कीं मुलकोवालचा? चौकशीनें परळकडे बोट दाखविलें आणि हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांतूनच उघड झालें कीं, बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें हाफकिन यांची बाजू मांडली, त्यांच्यावरील किटाळ दूर झालें. १९२५ सालीं प्रयोगशाळेस त्यांचेंच नांव मिळालें.

वाचकांनीं येथें वर्षें मोजावींत. अपघात १९०२ चा, न्याय १९०७ चा. बाटलीवर क्रमांक नसता, अगर कागद रद्दींत गेले असते, तर रॉससाहेबांनीं तरी काय करावें?

आपले १९४५ चे औषधनियम सांगतात कीं, ज्या औषधास मुदत ठरलेली आहे त्याच्या निर्मितीची नोंद मुदतीनंतर २ वर्षें राखावी. इतर द्रव्यांची, निर्मितीपासून ५ वर्षें. म्हणजे हाफकिन यांचा न्याय या पांच वर्षांच्या अगदीं कांठावर येऊन पोंचला!

औषधाचा अपाय बहुधा लवकर तरी दिसतो. १९८६ सालीं भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरिननें १४ रोगी दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांची चौकशी लागलीच सुरू होऊं शकली. परंतु अॅस्बेस्टॉसच्या धुळीचा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनीं प्रकट होतो. तेथें पांच वर्षांची वही काय साक्ष देणार? याज्ञवल्क्यानें लेख, भुक्ति व साक्षी अशीं प्रमाणें सांगितलीं. साक्षीदार चाळीस वर्षांत मरून जातात, उरला तर लेखच उरतो.

म्हणून आमच्या मतें मुदत मालावरून न ठरवितां अपायावरून ठरवावी: माल लोकांच्या वापरांत असेल तितकीं वर्षें, अधिक त्याचा दोष दिसावयास लागणारा काळ. जागा पुरत नाहीं ही सबब संगणकाच्या दिवसांत ऐकवत नाहीं. (मात्र जुनी चकती नव्या यंत्रांत उघडते कीं नाहीं, हें दरसाल पाहावें.) कारखाना बंद पडल्यास दप्तर कोणाच्या हवालीं करावयाचें, हेंहि परवान्यांतच लिहून घ्यावें. गिरणगांवानें गिरण्या बंद पडतांना पाहिल्या आहेत.

तोंपर्यंत घरांतील मंडळींनीं एवढें करावें: औषधाचें वेष्टण औषध संपल्याबरोबर टाकूं नये, आजारी माणूस पुरता बरा होईपर्यंत ठेवावें. कारखान्याच्या वहींतील क्रमांकाचा जोडीदार त्यावरच छापलेला असतो.