बर्फावरची घसरण मोटारीला बाधते का?

स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे या देशांच्या उत्तर भागात वर्षातले पाच-सहा महिने जमीन आणि सरोवरे हिमाखाली असतात, आणि हंगामातला पहिला दाट हिमवर्षाव होऊन गेला की रिकाम्या वाहनतळांवर एकमेकांत गुंतलेल्या गोलाकार चाकोऱ्या उमटू लागतात. त्या चाकोऱ्या मुद्दाम घसरवलेल्या मोटारींच्या असतात. अमेरिकेतील मिनेसोटात, कॅनडात किंवा जपानच्या होक्काइदो बेटावरही हेच दृश्य दिसते, आणि जिथे जिथे ते दिसते तिथे घरातली वडीलधारी मंडळी, गॅरेजमधले कारागीर आणि गाडीचे तरुण मालक यांच्यात एकाच प्रश्नावरून मतभेद होतात: या खेळाने गाडी खराब होते की नाही? कुणी सांगतो की यात गाडीचे काहीच बिघडत नाही, तर कुणी सांगतो की एका हिवाळ्यात गिअरबॉक्स निकामी होतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, कारण दोघांच्या डोळ्यांसमोरची जमीन वेगवेगळी असते.

मराठीत आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत थरालाही बर्फ म्हणतात आणि गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतात. मोटारीच्या दृष्टीने मात्र हे दोन अगदी भिन्न पृष्ठभाग असल्यामुळे येथे पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हणणे सोयीचे ठरेल. तसेच घसरणे आणि ड्रिफ्टिंग यांतही फरक आहे. चाक ज्या दिशेला रोखलेले असते आणि टायर प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकतो त्या दोन दिशांमध्ये वळणावर नेहमीच थोडा कोन असतो, त्याला घसरकोन म्हणता येईल. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की टायरची पकड सुटते. मागच्या चाकांची पकड अशी जाणूनबुजून सोडवून, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला रोखून, गाडी तिरकी असतानाच हव्या त्या मार्गावर राखणे म्हणजे ड्रिफ्टिंग होय. ज्या गाडीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते तिथे हे अॅक्सिलरेटरने साधते. ज्या गाडीत ती पुढच्या चाकांना मिळते तिथे बहुतेक वेळा हँडब्रेक ओढून मागची चाके क्षणभर रोखावी लागतात.

गाडीच्या कोणत्या भागावर किती भार येतो हे शेवटी टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण ठरवते. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तुलनेत टायरला मिळू शकणारी पकड, साधारण ०.८ असतो, दाबलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास उतरतो. हे आकडे एका साध्या उदाहरणात बसवून पाहावेत. १,४०० किलो वजनाच्या मोटारीच्या पुढच्या चाकांवर सुमारे ८४० किलो भार असेल आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल, तर कोरड्या डांबरावर ती चाके गरगर फिरू लागण्याआधी दोन्ही अॅक्सलमधून मिळून सुमारे २,००० न्यूटन-मीटर इतका पीळ जातो. दाबलेल्या हिमावर मात्र ५०० न्यूटन-मीटरच्या आसपासच पकड सुटते. इंजिन कितीही जोर लावो, जमीन तेवढाच जोर परत देते, आणि जमीन जो जोर परत देत नाही तो अॅक्सल, गिअर किंवा सस्पेंशन यांच्यावर येऊच शकत नाही. हिमावर घसरणारी गाडी डांबरावर घसरणाऱ्या गाडीच्या मानाने चौथा हिस्साच भार सोसत असते.

यातून पुष्कळशा भीतींचे निराकरण होते. डांबरावर ड्रिफ्टिंग करताना टायरचे रबर धूर काढत जळते आणि काही मिनिटांत त्याची झीज डोळ्यांना दिसते. हिमावर टायर थंड आणि ओला राहतो, आणि रोखलेले चाक फरफटले तरी त्यावर सपाट चट्टा पडत नाही. डांबरावरच्या जोरकस वळणात इंजिनाच्या तळटाकीतील तेल एका बाजूला जमा होऊन पंपाला हवा ओढावी लागण्याचा धोका असतो. हिमावर बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिश्शाच्या आसपास असल्याने तेल जागेवर राहते. हँडब्रेकच्या तारेलाही फारसा ताण पडत नाही, कारण हलक्याशा ओढीने चाक थांबते. मोकळ्या, सपाट आणि सगळीकडे सारख्याच हिमाने झाकलेल्या जागेत, इंजिन पुरेसे तापल्यावर आणि मध्यम वेगाने केलेल्या घसरगुंडीने निरोगी मोटारीची झीज रोजच्या वापरापेक्षा विशेष वाढत नाही, असे म्हणायला हरकत नाही. इंजिन तापण्याची अट मात्र गांभीर्याने घ्यावी लागते; शून्याखालच्या थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे तेल घट्ट झालेले असते, आणि सुरू करताच इंजिन लाल रेषेपर्यंत पळवणे हिम असो वा नसो, वाईटच.

खरा धोका पकड सुटण्यात नाही, ती अवचित परत मिळण्यात आहे. वाहनतळावरचे हिम एकसारखे नसते. वाऱ्याने उडून किंवा आधीच्या गाड्यांनी घासून कुठेतरी डांबर उघडे पडलेले असते. गाडी ताशी १० किलोमीटरने सरकत असताना चाके ताशी ६० च्या वेगाने गरगरत असतील आणि तेवढ्यात त्यांतले एक उघड्या डांबरावर आले, तर चाक, अॅक्सल, गिअर आणि इंजिनाचे जड फ्लायव्हील यांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा निमिषार्धात बाहेर पडू पाहते. हा धक्का इंजिनाच्या नेहमीच्या जोरापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो पहिल्यांदा पोचतो तो अॅक्सलच्या टोकांशी असलेल्या सांध्यांना, ज्यांच्यात पोलादी गोळ्या खाचांमधून सरकत असतात आणि ज्यांना ग्रीसने भरलेला रबरी बूट झाकून ठेवतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना हे सांधे सर्वाधिक कोनात असतात आणि तेव्हाच सर्वांत दुबळे असतात, आणि घसरगुंडीच्या खेळात स्टिअरिंग बहुतेक वेळ पूर्ण वळलेलेच असते. थंडीने कडक झालेला जुना बूट आधीच तडकलेला असेल तर ग्रीस बाहेर येते, ओल आणि खडी आत जाते, आणि पुढे काही आठवड्यांनी वळताना कट्‌कट् आवाज येऊ लागतो. त्या वेळी दोष खेळाला दिला जातो. पण बूट त्याआधीच फाटलेला असण्याची शक्यता बरीच असते.

त्याहून मोठे नुकसान हिमाखाली लपलेल्या कठड्याने होते. वाहनतळाच्या कडेला, मधल्या दुभाजकांना आणि दिव्यांच्या खांबांभोवती दगडी किंवा काँक्रीटचे बुटके कठडे असतात, आणि वीतभर हिम साचले की ते दिसत नाहीत. रस्त्यावरचा खड्डा चाकाला खालून आणि समोरून मारतो, आणि सस्पेंशनची रचना तो मार स्प्रिंग दाबून पचवण्यासाठीच केलेली असते. आडव्या सरकणाऱ्या गाडीचे चाक कठड्यावर आदळते तेव्हा मात्र मार बाजूने येतो आणि त्या दिशेला स्प्रिंगच नसते. ताशी २० किलोमीटर हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वेगातील ऊर्जा गाडी सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली पडल्याइतकी असते, आणि ती सगळी एका रिमच्या कडेवर येते. रिम वाकते, चाकाच्या बेअरिंगमधील गोळ्यांचा मार्ग दबतो, लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा किंवा स्टिअरिंगचा टाय-रॉड किंचित मुडपतो. कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहू लागते, टायर एका बाजूने झिजतो, आणि व्हील अलाइनमेंट करायला गेल्यावर दांडा वाकल्याचे कळते. वेग ताशी ३० झाला तर पडण्याची उंची साडेतीन मीटरांवर जाते. हिमाच्या खेळात गाडी मोडल्याच्या ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्यांच्या मुळाशी बहुधा असा एखादा कठडा असतो.

तिसरा धोका उष्णतेचा, आणि तो थंडीमुळेच दुर्लक्षिला जातो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची गिअररचना असते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक रुतून थांबले की दुसरे दुप्पट वेगाने फिरते; वेगमापक गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या गाडीत काटा ५० वर असताना ते एकटे चाक १०० च्या वेगाने गरगरत असते. आतले छोटे गिअर अशा सलग फिरण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांच्या आसावरचे तेल उडून जाते आणि धातू धातूवर घासू लागतो. अडकलेल्या गाडीची चाके ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे फिरवू नयेत अशी सूचना अनेक मोटारींच्या मालक-पुस्तिकांत असते, त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे अतिवेगाने फिरणारा टायर फुटू शकतो. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना, चाके फिरत असतानाच ऑटोमॅटिक गिअर पुढच्या दिशेतून मागच्या दिशेत टाकणे हेही वाईट, कारण चाके थांबवण्याचे काम मग आतल्या क्लचच्या पातळ चकत्यांना करावे लागते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आजच्या पुष्कळ मोटारींत मागची चाके अशाच चकत्यांच्या जोडणीने गरजेपुरती जोडली जातात. ती जोडणी तापली की नियंत्रक संगणक तिला विश्रांती देतो, गाडी दोन चाकांवर येते आणि फलकावर सूचना उमटते. ती सूचना दिसली की थांबावे; गाडी स्वतःला वाचवत असते.

स्वीडनच्या उत्तरेतील आर्येप्लोग या छोट्या गावात १९७० च्या दशकापासून जगभरातले मोटार-उत्पादक हिवाळी चाचण्यांसाठी येतात, आणि टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वार लँड रोव्हरचेही चाचणीकेंद्र तिथे आहे. गोठलेल्या सरोवरांवर वर्तुळे, वळणे आणि उतार आखून तिथे गाड्या हिवाळाभर घसरवल्या जातात. तरीही त्या मोडून पडत नाहीत, कारण सरोवराच्या पृष्ठावर कठडा नाही, खांब नाही, उघडे डांबर नाही, आणि कडेला आहे तो हिमाचा मऊ ढीग. हिमावरच्या चाचण्यांनी मोटारीच्या रचनेला दिलेले दानही थोडे नाही. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असताना आउडीचे अभियंता यॉर्ग बेन्झिंगर यांना दिसले की फोक्सवागेनची इल्टिस ही सैनिकी वापराची, कमी शक्तीची, चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी हिमावर अधिक शक्तिशाली मोटारींना मागे टाकते; त्या निरीक्षणातून पुढे १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो ही मोटार लोकांसमोर आली.

घसरण्याला केवळ खेळ मानणे स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या देशांना मान्य नाही, आणि ही भूमिका योग्यच आहे. स्वीडनमध्ये वाहनपरवाना मिळवण्यासाठी निसरड्या मार्गावरचे प्रशिक्षण सक्तीचे आहे; नॉर्वे आणि फिनलंडच्या प्रशिक्षणातही गाडी घसरू लागल्याचा अनुभव दिला जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर सुमारे ८ मीटरांत थांबते आणि दाबलेल्या हिमावर तिला ३० मीटरांपर्यंत लागू शकतात, हे कागदावर वाचून पटत नाही. एकदा ब्रेक दाबून गाडी सरकतच राहिल्याचा अनुभव आला की पटते. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या मोटारींत आली आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. ती एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून गाडी सरळ करते, परंतु जी पकड जमिनीतच नाही ती निर्माण करू शकत नाही. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला, जागामालकाच्या परवानगीने, मोकळ्या मैदानात अर्धा तास घसरून पाहण्यात गाडीची जी थोडी झीज होईल ती चालकाच्या शिक्षणाची रास्त किंमत समजावी. मैदान आधी पायी फिरून पाहिले म्हणजे कठडे आणि उघडे डांबर दोन्ही कळतात.

महाराष्ट्रातून मनालीला किंवा अटल बोगद्यापलीकडे लाहौलात स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथला रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, आणि गाडीला असतात ते मैदानी उन्हाळ्याचे टायर, ज्यांचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. तिथे घसरगुंडीचा विचारही करू नये.

खेळ संपल्यावरची थोडी निगा नुकसानीचा बराच भाग टाळते. रिमच्या आत हिम गच्च बसून गोठले की चाकाचा तोल जातो आणि ताशी ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. रिम वाकली असे वाटून घाबरण्याआधी ते हिम काढून पाहावे. रेडिएटरपुढच्या जाळीतले आणि गाडीखालच्या प्लास्टिकच्या आवरणावरचे हिमही झाडावे, कारण गोठून जड झालेले आवरण पुढच्या उंचवट्यावर फाटते. वाहनतळावर टाकलेले मीठ या हिमात मिसळलेले असते आणि गाडीच्या पोटाला चिकटून राहते. ब्रेकच्या नळ्या आणि चासीचे सांधे कुरतडण्याचे काम ते ज्या सातत्याने करते ते घसरण्याला कधीच जमत नाही, म्हणून तापमान शून्याच्या वर गेल्यावर गाडी खालून धुऊन घ्यावी. भिजलेले ब्रेक रात्रीतून गोठून चाकाला चिकटतात हे उत्तरेतल्या चालकांना ठाऊक असते, त्यामुळे सपाट जागी ते गाडी गिअरमध्ये उभी करतात आणि हँडब्रेक सोडून ठेवतात.